पाऱ्यावर उडणारं विमान आणि एक पळी तेल

मागच्या पोस्टमध्ये म्हटलं होतं की पुढच्या वेळी पंख्याभोवती नळी बसवली तर काय फरक पडतो ते सांगेन. ते आज येईलच, पण वेगळ्या वाटेनं. मध्ये गणपती आले आणि मी चाळीसगावला घरी होते.

आमच्या गल्लीतल्या मंडळानं या वर्षी आरास ठरवली होती 'जगातलं पहिलं विमान'. म्हणजे राइट बंधूंचं नाही. शिवकर बापूजी तळपदे यांचं 'मरुत्सखा', मुंबई, चौपाटी, १८९५. थर्माकोलचं विमान, खाली निळ्या कापडाचा समुद्र, बटण दाबलं की धूर. काम छान झालं होतं, खोटं कशाला बोलू. फक्त माहितीचा बोर्ड राहिला होता. पोरं घरी आली आणि म्हणाली, "ताई, तू विमाननंच शिकस ना? मंग बोर्ड तूच लिखी दे."

मी विमानाचं शिकत नाही. शेतात फवारणी करणाऱ्या छोट्या ड्रोनच्या पंख्याखालून हवा कशी खाली जाते, कापसाच्या पानाला लागून कशी पसरते, यावर माझं काम आहे. पण गल्लीत एवढा फरक कोण करतं? मी हो म्हटलं. दहा ओळी लिहायच्या होत्या. त्या दहा ओळींनी चार दिवस खाल्ले.

ही पोस्ट म्हणजे त्या चार दिवसांत मी जे वाचलं आणि पाहिलं त्याचं परीक्षण आहे. तीन गोष्टी होत्या: तळपद्यांची गोष्ट, 'वैमानिक शास्त्र' नावाचं पुस्तक, आणि त्या पुस्तकावर १९७४ साली बंगळूरच्या पाच जणांनी लिहिलेला एक निबंध. 'हवाईज़ादा' हा चित्रपटही पुन्हा बघितला, पण त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जानेवारी २०१५ च्या शेवटी तो आला. आयुष्मान खुराना तळपदे, मिथुन चक्रवर्ती शास्त्री. रंग सुंदर, गाणी पुष्कळ. कल्पित आहे म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार अशी की दोन तासांहून जास्त वेळ विमान बनवणाऱ्या माणसासोबत बसूनही ते विमान कशानं उडतं याची उत्सुकता चित्रपटालाच वाटत नाही. विमान तिथं प्रेमासारखं येतं, मनापासून हवं असलं की झालं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर एक सादरीकरण झालं होतं आणि त्यात याच 'वैमानिक शास्त्रा'चे दाखले होते. एकाच महिन्यात पडद्यावर आणि व्यासपीठावर तीच गोष्ट. पडद्यावरची निदान तिकीट काढून बघायची होती.

आता मूळ गोष्ट. तळपदे हे खरे गृहस्थ, १८६४ ते १९१६. मुंबईत राहायचे, जे. जे. कला शाळेत शिकवायचे, आर्य समाजाशी संबंधित होते, वेदांतल्या विमानांच्या उल्लेखांनी झपाटलेले होते. इथपर्यंत वाद नाही. पुढची गोष्ट अशी की १८९५ मध्ये त्यांनी माणूस नसलेलं एक यान चौपाटीवरून उडवलं, ते पंधराशे फुटांवर गेलं आणि खाली पडलं. बघायला महाराजा सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे होते, आणि बातमी 'केसरी'त आली. ही बातमी आली होती असं मी वाचलेला प्रत्येक लेख सांगतो. कात्रण मात्र एकाही लेखाला जोडलेलं दिसलं नाही. एक लेख दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि तिसरा "असे म्हणतात" म्हणून थांबतो.

इथे एक चूक आमच्यासारखे विज्ञानवाले पटकन करतात. "१८९५ मध्ये हे शक्यच नव्हतं" म्हणून मोकळे होतात. हे बरोबर नाही. माणूस नसलेलं छोटं यान त्या काळात उडू शकत होतं. फ्रान्सच्या आल्फाँस पेनोनं १८७१ मध्येच रबराच्या पिळावर चालणारं खेळण्याएवढं विमान पॅरिसच्या बागेत लोकांसमोर चाळीस मीटर उडवून दाखवलं होतं. अमेरिकेत सॅम्युएल लँग्लीचं वाफेच्या इंजिनाचं, माणूस नसलेलं यान ६ मे १८९६ ला पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर गेलं. म्हणजे चौपाटीच्या तारखेनंतर वर्षभरातच. भौतिकशास्त्र तळपद्यांना अडवत नाही. अडवतो तो कागद. लँग्लीच्या उड्डाणाचा फोटो आहे, आणि तो काढणारा माणूस टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल होता. इंजिनाचं वजन, ताकद, पंखांचं माप, आधीचे फसलेले प्रयत्न, सगळं लिहिलेलं आहे. मरुत्सख्याचं वजन किती होतं? पंख किती लांब? कोणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच की पाऱ्यावर चालायचं.

पाऱ्याचं बघू. हल्लीचे लेख म्हणतात की तो 'मर्क्युरी आयन इंजिन' होता आणि नासानं नंतर तेच केलं. नासानं केलं हे खरं आहे. १९६४ मध्ये सर्ट-१ नावाच्या यानावर पाऱ्याचं आयन इंजिन अवकाशात चालवलं गेलं. त्याचा जोर किती होता? सुमारे तीन ग्रॅम वजन उचलण्याइतका. तीन ग्रॅम. शिवाय अशा इंजिनाला निर्वात पोकळी लागते, कारण हवेत आयनांना पुढे सरकायला जागाच मिळत नाही. तेव्हा चौपाटीवर ते इंजिन असलं तर त्यानं फुगासुद्धा हलला नसता. अशी तुलना करून तळपद्यांचा मान वाढत नाही, उलट त्यांनी जे काही केलं असेल त्याच्यावर आणखी एक न झेपणारी गोष्ट लादली जाते.

मग पुस्तकाकडे. 'वैमानिक शास्त्र' हे भरद्वाज ऋषींचं म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ते पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितलं आणि व्यंकटाचल शर्मा यांनी उतरवून घेतलं. आकृत्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समननं काढल्या. हिंदी आवृत्ती १९५९ ची, इंग्रजी १९७३ ची. तारखा एकत्र मांडल्या की काहीतरी खटकतं: विमान १८९५ चं, ज्या ग्रंथावरून ते केलं म्हणतात तो उतरवला गेला १९१८ नंतर, आणि तळपदे १९१६ मध्ये गेलेले. म्हणजे ग्रंथ बघून नाही, तर शास्त्रींना भेटून केलं असं म्हणावं लागतं. बरं, तसंही असेल.

आणि इथे तो १९७४ चा निबंध येतो, ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहावीशी वाटली. भारतीय विज्ञान संस्थेतले मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू हे पाच जण विमान आणि यंत्र अभियांत्रिकी विभागांतले. त्यांनी काय केलं? हसून सोडून दिलं नाही. बंगळूरमध्येच राहणाऱ्या व्यंकटाचल शर्मांना जाऊन भेटले. हस्तलिखित कसं तयार झालं ते विचारलं. संस्कृत तपासून सांगितलं की भाषा वैदिक नाही, आधुनिक आहे. मग शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर ही चारही विमानं एकेक करून घेतली आणि खरंच कोणी बनवायला बसलं आहे अशा तऱ्हेनं मापं, वजनं, तत्त्वं बघितली. निष्कर्ष कडक आहे: ही विमानं म्हणजे जुळवाजुळव आहे, उडण्याचे गुण त्यांच्यात नाहीत, आणि ग्रंथ रचणाऱ्याला विमानविद्येची ओळख नव्हती.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एक साधी नोंद. शर्मांनीच त्यांना सांगितलं की शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती बनवल्या होत्या, पण त्या उडाल्या नाहीत. ही साक्ष विरोधकाची नाही. ग्रंथ ज्यानं स्वतःच्या हातानं उतरवला त्या माणसाची आहे. आणि पन्नास वर्षं झाली तरी ती ओळ आपल्याकडच्या कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

निबंधाबद्दल माझी तक्रार एकच. तो इतका नेमका आहे की आत शिरायला दार नाही. ज्याला आधीच पटलंय त्यालाच तो पटतो. मराठीत त्याचा सोपा अवतार कोणी केला नाही, निदान माझ्या वाचनात आला नाही, आणि रिकाम्या जागेत धुराचं विमान आलं. चुकीची गोष्ट तोडून टाकली पण तिच्या जागी बसेल अशी गोष्ट दिली नाही. हा दोष त्या पाचांचा नाही, त्यांचं काम ते नव्हतंच. आमचा आहे.

चारांतलं रुक्म विमान मला जवळचं वाटतं, कारण तिथे माझा विषय आहे. उभ्या नळ्या, वर पंखे, हवा वरून ओढायची आणि खाली ढकलायची. निबंधकारांनीही म्हटलंय की काही अर्थ लागतो तो यातच. मग मी वहीवर हिशेब केला, तुम्हीही करू शकता. समजा यान एक टनाचं आहे आणि सगळ्या नळ्यांचं तोंड मिळून दहा चौरस मीटर. हवेत तरंगत राहायला यानाच्या वजनाइतका जोर हवा खाली ढकलून मिळवायचा. थोडी हवा जोरात ढकला किंवा जास्त हवा हळू ढकला, जोर तेवढाच मिळेल, पण ताकद सारखी लागत नाही. जोर वेगाच्या पटीत वाढतो, ताकद वेगाच्या वर्गाच्या पटीत. म्हणून मोठा पंखा हळू फिरवणं नेहमी स्वस्त पडतं, आणि म्हणूनच हेलिकॉप्टरची पाती एवढी लांब असतात. आमच्या यानाला पंख्यातून हवा सेकंदाला वीस मीटरनं जावी लागते आणि ताकद लागते सुमारे दोनशे किलोवॅट, म्हणजे २६५ अश्वशक्ती. तीही आदर्श स्थितीत, काहीच वाया न जाता. नीट बनवलेल्या नळीनं यात बचत होते (मागच्या वेळी राहिलेला मुद्दा हा: पंख्यामागे आखडणारा झोत नळी आखडू देत नाही, त्यामुळे तेवढ्याच पंख्यातून जास्त हवा कामाला लागते), पण ती चौथा-तिसरा हिस्सा, दहापट नाही. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन बारा अश्वशक्तीचं होतं. आपल्याकडचा नेहमीचा ट्रॅक्टर पंचेचाळीसचा धरा. म्हणजे रुक्मला सहा ट्रॅक्टरांची इंजिनं हवीत, आणि त्या सहा इंजिनांचंच वजन टनाच्या वर जातं. मग ते उचलायला आणखी इंजिनं. ग्रंथात हे चक्र कुठेच येत नाही. ज्यानं कधी काही उडवायचा प्रयत्न केलाय त्याला ते पहिल्या दिवशी भेटतं. मला माझ्या पहिल्या ड्रोनच्या बॅटरीनं भेटवलं होतं.

हे सगळं आपल्याकडेच घडतं असं समजू नका. फ्रान्सच्या क्लेमाँ आदेरची गोष्ट घ्या. विमानाला फ्रेंचमध्ये जो 'आव्हियाँ' शब्द आहे तो याच माणसाचा. १८९० मध्ये त्याचं वाफेचं 'एओल' जमिनीपासून जेमतेम वर, पन्नासेक मीटर उडी मारून गेलं. ती उडी बहुतेक इतिहासकार मान्य करतात. मग फ्रेंच युद्ध मंत्रालयानं पैसे दिले आणि वटवाघळासारख्या पंखांचं 'आव्हियाँ ३' तयार झालं. ऑक्टोबर १८९७ मध्ये सातोरीच्या लष्करी मैदानात समितीसमोर चाचणी झाली. वाऱ्यानं ते गोल धावपट्टीवरून बाहेर फेकलं गेलं आणि मोडलं. मंत्रालयानं पैसे थांबवले. १९०६ मध्ये, सांतोस-द्युमाँनं पॅरिसमध्ये उड्डाण केल्यावर, आदेर म्हणू लागला की मी तर १८९७ मध्येच तीनशे मीटर उडालो होतो. देशाला हे ऐकायला गोड वाटलं. पण जनरल मेंसिएचा जुना अहवाल कपाटात होता. १९१० मध्ये तो छापला गेला, आणि त्यात उड्डाण झाल्याचं नव्हतं.

आदेरचं यान आज पॅरिसच्या संग्रहालयात छताला टांगलेलं आहे. त्याला कोणी फेकून दिलं नाही. त्याचं इंजिन खरंच हलकं आणि अप्रतिम होतं, तेवढं श्रेय त्याला मिळतं. उडण्याचं श्रेय मिळत नाही. मला ही वागणूक आवडते. तळपद्यांच्या बाबतीत आपल्याकडे दोनच पर्याय ठेवले आहेत: जगात पहिला, नाहीतर थाप. मधला माणूस, ज्यानं वीस-पंचवीस वर्षं एका वेडापायी घालवली, तो दोन्हीकडून हरवतो.

फ्रेंचांचंच पुढचं बघा. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात, कारखाने त्यांच्या कामाला जुंपलेले, आणि ल्युसियाँ सेर्व्हांती नावाचा अभियंता गुपचूप जेट विमानाचे आराखडे काढतोय. त्यातून आलेलं 'त्रितों' ११ नोव्हेंबर १९४६ ला उडालं, फ्रान्सचं पहिलं जेट. मार्सेल ब्लॉक हा विमान कारखानदार बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतला, आडनाव बदलून दासो झाला, आणि १९४९ मध्ये त्याचं 'ऊरागाँ' उडालं. हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. तेच विमान १९५३ पासून आपल्या हवाई दलात आलं. आपण त्याला नाव दिलं 'तुफानी', आणि १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या दीववर हल्ला करायला तेच गेलं.

पण ऊरागाँचं इंजिन कोणाचं? रोल्स-रॉइसचं नीन. ब्रिटिश. फ्रान्सच्या अभिमानाचं पहिलं लढाऊ जेट, आणि पोटात इंग्रजांचं इंजिन. आपलं एचएफ-२४ 'मारुत', ज्याचं नाव योगायोगानं मरुत्सख्याच्या इतकं जवळचं, त्याचं तसंच. रचनाकार जर्मन, कुर्ट टँक. इंजिन ब्रिटिश ऑर्फियस, आणि तेही विमानाच्या मानानं कमी ताकदीचं. म्हणून मारुत हवं तेवढं वेगवान कधी झालंच नाही. १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं, आणि मग आयुष्यभर इंजिनाची वाट बघत राहिलं.

विमानांच्या गोष्टी वाचताना मी आता हेच आधी शोधते: इंजिन कुठून आणलं? कल्पित विमानाचं इंजिन नेहमी स्वतःचं असतं, पहिल्याच दिवशी चालतं आणि कोणाचं देणं लागत नाही. खऱ्याचं उसनं असतं, कमी पडतं, आणि त्याची पावती कुठेतरी असते.

पावतीवरून आठवलं. चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. नवरात्रात आपण सगळेच जातो, धबधब्याला जातो, डबे खाऊन येतो. तिथल्या देवळातला शिलालेख किती जणांनी थांबून बघितलाय? भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. साल इ. स. १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. भास्कराचार्य नेमके कुठले यावर मतभेद आहेत, तो वाद बाजूला ठेवू. वर संस्कृत आहे, वंशावळ आहे, कौतुक आहे. पण शेवटी भाषा बदलते. जुनी मराठी येते, आणि मठ चालवायला पैसा कुठून यायचा ते लिहिलेलं आहे: पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर इतकं, आणि चालणाऱ्या प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल.

एक पळी तेल! म्हणजे सिद्धान्तशिरोमणी शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात आपल्या पाटणच्या तेल्याचं तेल जळत होतं. आठशे वर्षांपूर्वीची फेलोशिपच म्हणा, फक्त माझ्यासारखी उशिरा जमा होत नसावी. हे वाचून मला जे वाटलं ते पंधराशे फुटांनी कधी वाटलं नाही.

तर बोर्ड. मी लिहिलं की तळपदे कोण होते, त्यांनी विमान बनवायचा प्रयत्न केला, १८९५ चं उड्डाण झाल्याचा त्या काळातला पुरावा समोर आलेला नाही, आणि त्यांच्या जवळच्या वर्तुळातली साक्ष प्रतिकृती उडाल्या नाहीत असं सांगते. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्या शेजारचे नाना. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बेटा, तुझं बरोबर असेल. पण पोरांना अभिमान वाटेल असं तुम्ही शिकलेले लोक काही ठेवणारच नाही का?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडात आलं नाही. मी एवढंच म्हटलं की खाली दोन ओळी वाढवते. त्या पाटणादेवीच्या शिलालेखाच्या होत्या. नानांनी पुराव्याची ओळ तशीच ठेवली, फक्त 'आलेला नाही'चं 'अजून आलेला नाही' केलं. मला चाललं.

बोर्ड फार लोकांनी वाचला नाही, धूर बघून पुढे गेले. पाचव्या दिवशी सहावीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि विचारलं, "ताई, हाई खरं शे का? पाटणादेवीनं?" हो म्हटलं. मग म्हणाली, "एक पळी म्हंजे कितलं तेल?"

मला माहीत नव्हतं. घरातली पळी मोजली, ती साठ मिलिलिटरची निघाली, पण आजीची जुनी पितळी पळी ऐंशीच्या वर गेली. दोन्ही आकडे तिला सांगितले. ती वहीत लिहून घेऊन गेली.